सोल्डरिंगचं सामान घेताय? आयर्नच्या आधी तार आणि बिट बघा

व्हिडिओ बघून ब्रेडबोर्डवर सर्किट जुळवणं जमलं की पुढचा प्रश्न येतोच: हे आता कायमचं कसं बसवायचं? ब्रेडबोर्डला धक्का लागला की वायर निघते, सर्किट बंद. म्हणून सोल्डरिंग. आणि इथेच बरेच जण चुकीचं सामान घेऊन बसतात, चार टाके वाकडे पडले की "आपल्या हातात कलाच नाही" म्हणून सगळं कपाटात टाकतात. बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो, तारेचा नाहीतर बिटचा असतो. आजच्या लेखात आपण काय घ्यायचं, कशावर पैसे घालायचे आणि कशावर अजिबात नाही, ते बघूया.

आधी माझी फजिती सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच शिकलोय.

मी मोशीत राहतो. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून नळाला दिवसाआड पाणी येतं, बाकीचं टँकरवर भागवायचं. त्यामुळे गच्चीवरची टाकी भरली की वाजणारा अलार्म हा माझा पहिला खरा प्रोजेक्ट होता. दोन बीसी५४७ ट्रान्झिस्टर, तीन-चार रेझिस्टर, एक बझर. ब्रेडबोर्डवर मस्त चालला. मग जवळच्याच एका दुकानातून सगळ्यात स्वस्त आयर्न, सगळ्यात स्वस्त तार आणि दुकानदार म्हणाला म्हणून पिवळ्या पेस्टची छोटी डबी आणली. पेस्ट लावली की सोल्डर असं काही पळायचं की मी खूश. पहिला आठवडा बरा गेला. मग टाकी अर्धी असतानाच बझर कुरकुरायला लागला. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अरे, तुझा तो भोंगा बंद कर बाबा." आणि पावसाळ्यात एका रात्री तो वाजायला हवा होता तेव्हा वाजलाच नाही. पंप चालू राहिला आणि विकत घेतलेल्या टँकरमधलं बरंचसं पाणी गच्चीवरून खाली गटारात गेलं. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर काय काय आलं ते इथे लिहीत नाही.

बोर्ड उघडून पाहिला तर टाक्यांभोवती हिरवट बुरशीसारखं काहीतरी, आणि एका वायरच्या तांब्याच्या तारा खाऊन तुटलेल्या. सर्किट बरोबर होतं. पेस्टने ते खाल्लं होतं.

ती पिवळी पेस्ट नेमकी काय करते?

कल्हईवाला पाहिलाय का कुणी? नसेल तर आजीला विचारा. पितळेचं भांडं भट्टीवर तापवायचं, त्यात नवसागराची पूड टाकून कापसाने घासायची, पांढरा धूर निघतो, मग कथलाचा तुकडा फिरवला की तो भांड्याच्या आतून चकचकीत पसरतो. नवसागर नसेल तर कथील पसरणारच नाही, गोळ्या होऊन घरंगळेल. कारण तापलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर असतो आणि कथील त्या थराला चिकटत नाही. नवसागर तो थर काढतो.

सोल्डरिंग म्हणजे हेच, फक्त लहान आकारात. कथील तेच. नवसागराच्या जागी जो पदार्थ येतो त्याला फ्लक्स म्हणतात. इलेक्ट्रॉनिक्समध्ये तो रोझिनचा असतो, म्हणजे पाइनच्या झाडाची राळ. रोझिनची गंमत अशी की गरम असताना ती सौम्य आम्लासारखी काम करते आणि थंड झाली की घट्ट होऊन गप्प बसते. वीज वाहू देत नाही, तांब्याला फारसा त्रास देत नाही.

पत्रा जोडायच्या पेस्टमध्ये मात्र झिंक क्लोराईड किंवा नवसागरासारखे क्षार असतात. कल्हईवाला नंतर भांडं धुतो, पत्र्याचं काम करणाराही सांधा पुसून काढतो. आपण बोर्डवर ती तशीच सोडतो. हवेतला ओलावा शोषून ते क्षार वीज वाहून नेणारा पातळ थर बनवतात. म्हणून माझा बझर आधीच कुरकुरत होता, ट्रान्झिस्टरच्या बेसला टाकीऐवजी पेस्टमधूनच करंट मिळत होता. आणि पुढे तांबं सडतं.

तर पहिला नियम: डबीवर रोझिन असं स्पष्ट लिहिलेलं नसेल आणि दुकानदार "सगळ्याला चालते" म्हणत असेल, तर ती बोर्डासाठी घेऊ नका. खरं तर सुरुवातीला वेगळा फ्लक्स लागतच नाही. चांगल्या सोल्डर वायरच्या पोटात रोझिन भरलेलीच असते. पुढे जुने टाके काढायला, वायरची टोकं सोल्डरने भिजवायला लागला तर रोझिनचा पेन किंवा छोटी बाटली घ्या.

सोल्डर वायर: इथे कंजुषी नको

माझ्या मते संपूर्ण खरेदीत सगळ्यात महत्त्वाची वस्तू ही आहे, आणि सगळ्यात कमी लक्ष हिच्याकडेच दिलं जातं.

रिळावर ६०/४० किंवा ६३/३७ असे आकडे असतात. पहिला आकडा कथलाचा, दुसरा शिशाचा. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, शुद्ध शिसं ३२७ ला. पण दोन्ही ६३ ला ३७ अशा प्रमाणात मिसळले की मिश्रण दोघांच्याही आधी, १८३ अंशाला वितळतं. शिवाय ते एकदम वितळतं आणि एकदम गोठतं. ६०/४० मध्ये साधारण १८३ ते १९० दरम्यान एक लापशीसारखी अवस्था येते. त्या दोन सेकंदांत हात हलला तर टाका आतून तडकलेला राहतो. त्यामुळे नवशिक्याने मिळत असेल तर ६३/३७ घ्यावी, नाहीतर ६०/४० चालते. वर्षानुवर्षं चालत आलीच आहे.

कथील शिशापेक्षा कितीतरी महाग. म्हणून तार संशयास्पद स्वस्त असेल तर तिच्यात कथील कमी आणि शिसं जास्त, हा हिशोब सरळ आहे. रिळावर काहीही छापलेलं असो. ओळखायचं कसं? चांगल्या तारेचा टाका थंड झाल्यावर चकचकीत दिसतो. शिसं जास्त असेल तर तार नेहमीच्या उष्णतेला लवकर वितळत नाही, बिट उचलताना शेपूट ओढली जाते आणि टाका राखाडी, दाणेदार राहतो. तार कागदावर घासली आणि पेन्सिलसारखी गडद रेघ उठली तरी सावध व्हा. शिसं मऊ असतं, ते कागदावर उतरतं.

जाडी ०.७ किंवा ०.८ मिलिमीटर घ्या. पुण्याच्या दुकानांत अजून गेजची भाषा चालते, तेव्हा "२२ गेज" मागा, ती ०.७१ मिलिमीटर. १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर, जाड केबलला ठीक, पण आयसीच्या पायांवर ती धरली तर दोन पाय एकत्र जोडले गेलेच समजा. ५० ग्रॅमचं रीळ घ्या, छंदाला बरेच महिने पुरतं. अर्ध्या किलोचं रीळ स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका; तार आवडली नाही तर अडकून बसाल.

शिशाचं काय? घरात लहान मूल आहे

हा प्रश्न विचारायलाच हवा, पण आपल्याकडे क्वचितच कुणी विचारतं. युरोपियन युनियनने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिशावर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली, आपल्याकडच्या ई-कचऱ्याच्या नियमांतही तीच मर्यादा आहे. म्हणजे तुमच्या हातातला फोन शिसेमुक्त सोल्डरने जोडलेला आहे.

एक गैरसमज आधी काढून टाकू. सोल्डरिंग करताना जो धूर दिसतो तो शिशाचा नसतो. शिसं उकळायला १७०० अंशाच्या वर जावं लागतं, आपला बिट ३५० ला असतो. धूर रोझिनचा आहे. पण म्हणून तो निरुपद्रवी नाही, रोज हुंगला तर दम्याचा त्रास लागू शकतो. खिडकीपाशी बसा आणि एक छोटा पंखा असा ठेवा की तो धूर तुमच्या तोंडासमोरून बाजूला ओढेल. जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा यासाठी उत्तम. पंखा तुमच्या पाठीमागून किंवा थेट टाक्यावर मारला तर टाकाच थंड होतो.

शिसं शरीरात जातं ते हातातून तोंडात. तार बोटांत धरायची, मग त्याच हाताने वडापाव. किंवा तार दातात धरायची, ही सवय तर मी स्वतः पाहिलेली आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सगळ्यात जास्त होतो. म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवा. स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा जेवायच्या टेबलावर हे काम नको. जमिनीवर उडालेले बारीक मणी ओल्या कागदाने टिपून घ्या, झाडूने ते फक्त पसरतात. रांगणारं मूल घरात असेल आणि बसायला वेगळी जागा नसेल, तर मी म्हणेन सरळ शिसेमुक्त तार घ्या.

शिसेमुक्त तारेत एसएसी३०५ नावाचा प्रकार प्रसिद्ध आहे: ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं. वितळायला २१७ ते २२० अंश. चांदी नसलेला, कथील आणि तांब्याचा प्रकार स्वस्त असतो, तो २२७ ला वितळतो. यांना जास्त उष्णता लागते, टाका मुळातच थोडा फिका दिसतो आणि बिट लवकर खराब होतो. साध्या २५ वॅटच्या आयर्नवर नवशिक्याला हे जड जातं, तापमान सेट होणारा आयर्न असेल तर जमतं. आणि हो, शिसेमुक्त असली तरी धूर तोच, पंखा हवाच.

आयर्न: वॅट म्हणजे तापमान नव्हे

दुकानात "सोल्डरिंग गन द्या" म्हटलं तरी लोक पेनसारखा आयर्नच देतात. खरी गन ट्रिगरवाली असते, १०० वॅटच्या आसपासची, ती जाड वायरांना. बोर्डासाठी नको.

२५ वॅटचा साधा आयर्न कसा चालतो ते समजून घ्या. त्यात तापमान मोजणारं काहीच नसतं. आत कॉइल सतत तापते आणि जेवढी उष्णता हवेत जाते तेवढ्यावर तो कुठेतरी स्थिर होतो. नुसता स्टँडवर ठेवला तर गरजेपेक्षा जास्त तापतो, बिट काळा पडतो. आणि मोठ्या तांब्याच्या भागाला टेकवला की एकदम थंड होतो. घरचा तवा आठवा. पातळ तव्यावर पहिली भाकरी करपते आणि दुसरी कच्ची राहते, जाड तवा मात्र उष्णता धरून ठेवतो. म्हणून ६० वॅटचा तापमान-नियंत्रित आयर्न म्हणजे "जास्त गरम" आयर्न नव्हे. तो ३३० वर ठेवा म्हटलं की तिथेच राहतो, टाक्याने उष्णता ओढली की भर घालतो. जास्तीचे वॅट फक्त तेवढ्यापुरते. शिशाच्या तारेला ३२० ते ३५०, शिसेमुक्तला ३५० ते ३८० पुरतं. ४५० लावून "पटकन होतं" असं म्हणणारे भेटतील. त्यांच्या बोर्डावरचे निघालेले पॅड बघा.

मग कुठला घ्यायचा? महिन्यातून एखादा प्रोजेक्ट, बजेट कमी, तर सोल्डरॉनसारख्या ब्रँडचा २५ वॅटचा साधा आयर्न पुरतो. काहीशे रुपयांत येतो, त्याचे बिट सुटे मिळतात आणि आपल्याकडची एक अख्खी पिढी तसल्याच आयर्नवर शिकली. बिननावाचा घेऊ नका. माझ्या पहिल्या आयर्नची वायर साध्या प्लास्टिकची होती, ती तापलेल्या नळीला टेकली आणि आतलं तांबं उघडं पडलं. २३० व्होल्टची ती तार होती. नशीब चांगलं म्हणून हात लागला नाही.

थोडे पैसे साठवता येत असतील तर स्टेशन घ्या. बाजारात "९३६" नावाची स्वस्त स्टेशनं भरपूर आहेत. हे नाव जपानच्या हाक्को कंपनीच्या एका जुन्या मॉडेलचं. हाक्कोने ते मॉडेल केव्हाच बंद केलं, तेव्हा आज कुणी "नवीन ओरिजिनल हाक्को ९३६" विकत असेल तर ती नक्कल आहे. नक्कल म्हणजे टाकाऊच असं नाही. मी स्वतः एक वापरतो. पण डिस्प्लेवरचा आकडा शब्दशः घेऊ नका, त्यात बिट आणि हीटरमध्ये फट असते, दाखवतो ३५० आणि बिटच्या टोकाला बरंच कमी असू शकतं. टी१२ प्रकारच्या आयर्नमध्ये हीटर आणि सेन्सर बिटच्या आतच असतात, त्यामुळे तो काही सेकंदांत तापतो आणि आकडाही जास्त खरा असतो.

अर्थिंग तपासल्याशिवाय कुठलाही स्टेशन-आयर्न वापरू नका. प्लग बोर्डातून काढलेला असताना मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक टोक बिटला, दुसरं प्लगच्या मोठ्या पिनेला. दोन-तीन ओहमच्या आत आलं तर ठीक. काहीच आलं नाही तर अर्थ जोडलेलाच नाही, परत करा. दोन पिनेच्या साध्या आयर्नच्या बिटला टेस्टर लावून पाहा, बऱ्याचदा दिवा मिणमिणतो. तेवढी गळती नाजूक आयसी मारायला पुरते.

फोनच्या चार्जरवर चालणारे आयर्न

हा भाग खास तुमच्यासाठी, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. पाइनसिल, टीएस१०१ असे टाइप-सी केबलवर चालणारे छोटे आयर्न खरंच छान आहेत. हलके, तापमान-नियंत्रित, बॅगेत मावणारे. पण "माझा चार्जर ६५ वॅटचा आहे, म्हणजे चालेल" हे गणित चुकतं.

यांच्या नेहमीच्या बिटचा रेझिस्टन्स साधारण ८ ओहम असतो. २० व्होल्ट दिले तर ओहमच्या नियमाने अडीच अँपिअर, म्हणजे ५० वॅट मिळतात. ९ व्होल्ट दिले तर जेमतेम १० वॅट. चार्जर कितीही वॅटचा असो, त्याने व्होल्ट द्यायला हवेत. आणि बरेच फोन-चार्जर आपला पूर्ण जोर फक्त आपल्याच कंपनीच्या फोनला देतात. ओप्पोचा ६५ वॅटचा सुपरवूक घ्या: तो १० व्होल्ट आणि साडेसहा अँपिअर असा हिशोब करतो, तोही स्वतःच्या पद्धतीने ओळख पटल्यावरच. आयर्नला हवी असते पीडी नावाची सर्वसामान्य पद्धत, २० व्होल्टची. चार्जरच्या मागची बारीक अक्षरं फोनच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचा. आउटपुटच्या ओळीत पीडी आणि २० व्होल्ट दिसले तरच तो चालेल. चौकोनी जुन्या यूएसबी पोर्टमधून पीडी मिळत नाही. लॅपटॉपचा टाइप-सी चार्जर बहुधा चालतो.

आणखी एक. चार्जिंगला लावलेल्या धातूच्या बॉडीच्या फोनवर बोट फिरवलं की कधी कधी झिणझिण्या येतात ना? दोन पिनेच्या चार्जरमधून येणारी तीच गळती आयर्नच्या बिटवरही येते. पाइनसिलला म्हणूनच अर्थची वायर जोडायला स्क्रू दिलाय. नाजूक काम असेल तर ती जोडा.

५ व्होल्टवर चालणारे आठ वॅटचे पेन आयर्न ऑनलाइन दिसतात. बारीक वायर जोडण्यापलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

बिट: टोकदार सुंदर दिसतो, काम चपटा करतो

नवीन आयर्नसोबत बहुतेक वेळा सुईसारखा टोकदार बिट येतो. दिसायला अचूक वाटतो. पण टोकाला धातू इतका कमी असतो की उष्णता पोचतच नाही, आणि टेकतो तो फक्त एका बिंदूवर. छिन्नीच्या आकाराचा, २ ते २.४ मिलिमीटर रुंद चपटा बिट घ्या. पॅड आणि पाय दोन्हींना एकदम टेकतो, टाका दोन-तीन सेकंदांत होतो. ९३६ प्रकारच्या स्टेशनला ९००एम मालिकेचे बिट बसतात, २.४डी मागा.

चांगल्या बिटवर तांब्याच्या वर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. तो कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासू नका. मुलामा गेला की सोल्डर आतलं तांबं विरघळवत जातं आणि बिटला खड्डे पडतात. पुसायला पितळी तारेचा गुंता किंवा ओला सेल्युलोजचा स्पंज. भांडी घासायचा फोम वितळून चिकटतो. काम संपलं की बिटवर सोल्डरचा गोळा ठेवूनच आयर्न बंद करा. हीच त्याची कल्हई, पुढच्या वेळेपर्यंत हवा लागू देत नाही.

बाकीचं सामान

जड स्टँड पहिल्या दिवसापासून हवा. वाकवलेल्या पत्र्याचा नाही, स्प्रिंगवाला. आयर्न घरंगळून मांडीवर आला की माणूस तो प्रतिक्षिप्तपणे पकडतो, हे लक्षात ठेवा.

जास्तीचं सोल्डर ओढायला पंप लागतो, दुकानात सकर म्हणा. तांब्याची विणलेली विक पट्टी नंतर घेतली तरी चालते. पाय कापायला छोटा कटर. तपारियाचा घ्या, कारखाना आपल्याच नाशिकच्या सातपूरला आहे. कापताना पाय बोटाने धरा, नाहीतर तुकडा डोळ्यात उडतो. चष्मा नसेल तर साधा सेफ्टी गॉगल घाला. स्वस्त मल्टिमीटर सर्किट तपासायला ठीक, पण त्याने घरातल्या मेनचे व्होल्ट मोजायला जाऊ नका.

सिलिकॉनच्या मॅटवर सुरुवातीला खर्च नको. मोशीत बांधकाम चालू नाही अशी गल्ली दाखवा. उरलेली एखादी फरशीची टाइल मागून आणा, तेवढी पुरते. वाचलेल्या पैशांत ग्लास इपॉक्सीचा झिरो पीसीबी घ्या. तपकिरी रंगाच्या स्वस्त बोर्डाचे पॅड जरा जास्त वेळ बिट टेकवला की उचलून येतात आणि मग माणूस स्वतःला दोष देत बसतो.

सराव करताना एक गोष्ट सांभाळा: सोल्डर बिटवर घेऊन टाक्यापर्यंत नेऊ नका. वाटेतच रोझिन जळून जाते. बिटने पॅड आणि पाय तापवा आणि तार त्यांना टेकवा, बिटला नाही. टाका लहान डोंगरासारखा, कडेला पसरत गेलेला दिसला पाहिजे. वर गोळा बसलेला असेल तर तो चिकटलेला नाही, नुसता बसलाय.

सुरुवात फोनच्या चार्जिंग पोर्टपासून करू नका. त्याला हॉट एअर, मोठं करून दाखवणारी भिंग किंवा मायक्रोस्कोप आणि बरीच वर्षं लागतात. आणि लिथियमच्या सेलवर थेट आयर्न टेकवायचाच नाही. आतला पातळ पडदा उष्णतेने गेला तर सेल पेटतो. पॅक बनवायचा असेल तर आधीच पट्ट्या स्पॉट-वेल्ड केलेले सेल घ्या आणि पट्टीच्या टोकाला सोल्डर करा.

कुठे घ्यायचं, आणि उरलेलं कुठे टाकायचं

जवळच्या हार्डवेअरच्या दुकानांत आयर्न मिळतो, पण तार आणि बिटमध्ये निवड करायला जागा नसते. त्यासाठी पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाचा परिसर. मोशीहून नाशिक फाट्याला या, तिथून मेट्रोने कसबा पेठ किंवा मंडई, पुढे चालत. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा मार्ग सुरू झाल्यापासून हे फारच सोपं झालंय. दुकानदाराला "चांगली तार द्या" असं मोघम सांगू नका. "६३/३७, २२ गेज, रोझिन कोअर, ५० ग्रॅम" असं म्हणा, तो लगेच वेगळ्या कप्प्यात हात घालतो. दोन हजारांच्या आसपास बजेट असेल तर माझा क्रम असा: आधी तार, मग चपटा बिट आणि स्टँड, कटर, मल्टिमीटर, आणि जे उरेल त्यात बसेल तो आयर्न.

कापलेले पाय, पंपातून निघालेलं सोल्डर, जळके बोर्ड एका जुन्या बरणीत साठवा. हे घंटागाडीत गेलं की शेवटी आपल्या मोशीच्या डेपोतच येतं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या तिथल्या कचऱ्यापासून वीज बनवणाऱ्या प्रकल्पात जळालं तरी शिसं काही नाहीसं होत नाही, राखेत राहतं. माझी बरणी वर्षभरात अर्धीही भरली नाही. ई-कचरा गोळा करणारे सोसायटीत आले की जुन्या चार्जरांबरोबर ती देऊन टाकतो.

टाकीचा अलार्म मी पुन्हा बनवला. तेच सर्किट, तेच ट्रान्झिस्टर. फक्त तार ६३/३७, पेस्ट शून्य, आणि झाल्यावर जुन्या टूथब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बोर्ड स्वच्छ घासला. आयसोप्रोपिल पेट घेतं, तेव्हा आयर्न बंद करून, थंड झाल्यावरच घासा. वर नखं रंगवायच्या पारदर्शक पॉलिशचा एक हात दिला. दोन पावसाळे झाले. परवा पंप चालू असताना तो वाजला तेव्हा खालचे काका स्वतःच उठून बटण बंद करून आले.